‘जे पक्षी’ की जेपक्षी?

प्रश्न असा आहे : भाषांतराला घेतलेल्या एका लेखात ‘सिचुआन जे’ नावाचा चीनमधला पक्षी आला आहे. इंग्रजी-मराठी कोशात ‘जे’पुढे ‘नीलकंठ’ दिलंय. मग ‘सिचुआनी नीलकंठ’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. या पक्ष्याच्या अंगावर निळ्याचा मागमूसही नाही. सगळा राखाडी, डोकं जरा गडद, चोच पिवळसर. कोशातला घोटाळा साहेबांच्या काळातला आहे. तारेवर गप्प बसून राहणारा आणि उडाला की निळे पंख झळकवणारा आपला चास पाहून त्यांनी त्याला ‘ब्ल्यू जे’ म्हटलं. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तोच हा नीलकंठ. पण त्याचे भाऊबंद म्हणजे खंड्या आणि वेडा राघू. खरा जे पडतो कावळ्याच्या कुळात. आपल्या रानातला त्याचा नातेवाईक शोधायचा तर टकाचोराकडे बघावं.

चिनी नावात हे नातं शाबूत आहे : ‘हेइतोउ झाओया’, म्हणजे काळ्या डोक्याचा कलकलाट्या कावळा. शास्त्रीय नावातला ‘पेरिसोरियस’ हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ ढीग रचणारा. सैबेरिया आणि कॅनडातली याची भावंडं हिवाळ्याची बेगमी म्हणून खाद्य थुंकीने चिकटवून झाडाच्या सालीआड दडवतात, त्यावरून हे नाव शोभतं. (आणि सिचुआन म्हणजे तोच प्रांत, ज्याच्या नावाचं आपण ‘शेजवान’ करून गाडीवरच्या राइसला लावलंय.)

मग लिहायचं काय? ‘वनकाक’ असं काही घडवता येईल, पण ‘काक’ म्हटलं की मराठी वाचकाला आधी पिंड आठवतो. मी ‘जे’च ठेवीन. खरी अडचण पुढेच आहे. हे वाक्य वाचा : ‘सिचुआनमधले जे पक्षी सूचिपर्णी जंगलात राहतात.’ वाचक ‘ते’ची वाट बघत बसतो! उपाय साधा आहे. आपल्याकडे सामासिक शब्द जोडून लिहितात, तसं ‘जेपक्षी’ लिहा. जोडलं की ‘जे’ला सर्वनाम समजायची सोयच राहत नाही.

सामान्यरूप मात्र जपा. ‘जेपक्ष्याची संख्या’, ‘जेपक्षाची’ नव्हे. ‘पक्षाची’ लिहिलंत तर कुठलातरी पक्ष फुटल्याची बातमी वाटेल. ही चूक वर्तमानपत्रांतही रोज दिसते.

एक किरकोळ गोष्ट. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत हा पक्षी ज्या वर्गात आहे, त्याला मराठीत ‘असुरक्षित’ म्हणतात. ‘संकटग्रस्त’ ही त्याच्या वरची पायरी, तेव्हा भावनेच्या भरात ती वापरू नका.

मी असं लिहीन : ‘सिचुआनी जेपक्षी हा कावळ्याच्या कुळातला राखाडी पक्षी. पश्चिम चीनमध्ये ३००० मीटरच्या वर, स्प्रूस आणि फरच्या जंगलांत तो राहतो. या जंगलांवर वर्षानुवर्षं कुऱ्हाड चालली आणि जेपक्ष्याचा आसरा तुकड्यातुकड्यांचा झाला. १९९८मध्ये यांगत्से नदीला महापूर आले, त्यानंतर चीनने तिच्या वरच्या खोऱ्यातली नैसर्गिक जंगलं तोडायला बंदी घातली.’