काळी शी आणि फ्रिजवरचा डबा

"मॅडम, पोरीला शी काळी हुतीया. शाळेतली गुलाबी गोळी बंद करू का?"

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा सोमवार. कोरेगावकडच्या एका गावातून आई आलेली, सोबत तिसरीतली मुलगी, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. सुट्टीसाठी शाळेनं लोहाच्या गोळ्या घरी दिल्या होत्या. सासूबाईंचा निकाल लागला होता : गोळी उष्ण पडते, पोरगी वाळत चाललीय.

'उष्ण' या शब्दाशी मी वाद घालत नाही. त्यामागे मळमळ, पोटात दुखणं, शी घट्ट होणं असतं, आणि ते काही मुलांना खरंच होतं. काळ्या रंगाचं कारण साधं : अंगी न लागलेलं लोह शीवाटे बाहेर पडतं. डांबरासारखी चिकट, घाण वासाची शी झाली किंवा लाल रक्त दिसलं, तर मात्र दवाखाना गाठायचा.

मुलीलाच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेतलीस?"

"चहा-चपाती."

तिथंच घोळ होता. चहा लोहाला अंगी लागू देत नाही. दुपारी पोटभर जेवल्यावर पाण्याबरोबर गोळी, आमटीत लिंबू, चहा निदान तासभर लांब. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांच्या या गोळीत 45 मिलिग्राम लोह आणि 400 मायक्रोग्राम फॉलिक अॅसिड असतं, तेही आठवड्यातून एकदाच. पोरगी वाळायला ही मात्रा कारण नव्हे.

एवढ्यात धाकट्यानं पिशवीत हात घालून गोळ्यांची पट्टी तोंडाला लावली. आई हसली. मला हसू आलं नाही.

"घरी कुठं ठेवता या?"

"फ्रिजवर, बिस्किटाच्या डब्यात. माझ्या बाळंतपणातल्या लाल गोळ्या पण हायत्या त्यात."

बिस्किटाचा डबा! लाल गोळीत 60 मिलिग्राम लोह. चार गिळल्या तर 240. दहा-अकरा किलोच्या पोराला तेवढ्यानं उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात, जास्त गेल्या तर जिवावर बेततं. शिवाय मध्ये काही तास पोरगं बरं वाटतं आणि मग एकदम बिघडतं. म्हणून गोळ्या गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता, पट्टी हातात घेऊन थेट रुग्णालयात जायचं. काळ्या शीसाठी ही बाई दोन एसट्या बदलून आली होती. डब्याचं तिच्या मनातही नव्हतं.

घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल (रक्ताचे आनुवंशिक आजार) कुणाला नाही ना, हे विचारून मुलीला रक्ततपासणीला पाठवलं. हिमोग्लोबिन 10.4 आलं, या वयात 11.5 च्या खाली म्हणजे रक्त कमी. डॉक्टरांनी जंताची गोळी दिली, वजनावरून रोजचं लोहाचं औषध दोन महिन्यांसाठी सुरू केलं आणि तोवर शाळेतली गोळी थांबवली. "उपचार शाळेतच होतोय की" असं समजून बरेच पालक इथं चुकतात. आठवड्याची गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. कमी झालेलं भरून काढायला ती पुरत नाही.

पंधरा दिवसांनी आई पुन्हा आली. गोळ्या लोखंडी कपाटात, कुलपात. सासूबाई आता नातीला हुलग्याचं माडगं करून घालतात, पण सकाळचा चहाचा कपही त्याच पुढं करतात. शीचा विषय तिनं काढलाच नाही. मीच विचारलं.

"काळीच हाय की," ती म्हणाली, आणि धाकट्याच्या हातातलं माझं पेन सोडवू लागली.