गुप्तहेरकथा ही मुळात इंग्रजांचीच, बाकीच्यांनी फक्त नावं बदलली, असं म्हणता येईल का?

नाही. मुळात सुरुवातच इंग्लंडात झाली नाही. १८४१ साली एडगर ॲलन पो या अमेरिकी लेखकानं पॅरिसमधल्या खुनाची गोष्ट लिहिली. चौथ्या मजल्यावरची खोली आतून बंद, आणि आतून आलेला एक चिरका आवाज शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकलेला. इंग्रज शिंपी म्हणतो, जर्मन होता. इटालियन म्हणतो, रशियन. प्रत्येकाला तो आपल्याला न येणाऱ्या भाषेतला वाटतो. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. शेजारी गुजराती, वर कोकणी, कोपऱ्यात कानडी बिऱ्हाड. ते पान वाचताना मला आमचाच जिना दिसत होता.

माझं मत असं, की नावांपेक्षा घरं बदलली आणि घरांमुळे कथा बदलली. इंग्रजांकडे गावाबाहेरचा मोठा वाडा, मोजके पाहुणे, बाहेरचं कुणी येण्याची सोय नाही.

जपानात हे जमेना. तिथल्या जुन्या घरांना कागदी सरकती दारं; खून होण्यासाठी आतून बंद खोली आणायची कुठून? हिराई तारो या लेखकानं तर पोच्या नावावरूनच 'एदोगावा राम्पो' हे टोपणनाव घेतलं (भरभर म्हणून बघा, लक्षात येईल). त्याच्या कथेत या अडचणीची चर्चाच आहे. पण बाजी मारली योकोमिझो सेइशीनं, १९४६ मध्ये. लग्नाची रात्र, मुख्य घरापासून सुटी असलेली खोली, भोवती ताजा बर्फ, त्यात रोवलेली तलवार आणि पाऊल एकही उमटलेलं नाही. कोतो या तंतुवाद्याचे सूर त्या रात्री ऐकू येतात. हे जपानातच घडू शकतं.

बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये व्योमकेश बक्षी हा गुप्तहेर आणला. त्यांनी कलकत्त्याची मेस निवडली: एका छपराखाली राहणारे, एकमेकांची फारशी माहिती नसलेले पुरुष. व्योमकेशही तिथे खोटं नाव सांगून राहतो. पुढे त्याचं लग्न होतं, संसार होतो. इंग्रजांच्या शेरलॉक होम्सचा असा संसार मला कल्पनेतही दिसत नाही.

आणि मराठीत? आमच्या चाळीत दारं दिवसभर सताड उघडी असत. एकदा कुणाचा तरी स्टोव्ह नाहीसा झाला, तर दिवेलागणीच्या आत समोरच्या काकूंनी कुणाच्या पिशवीतून गेला ते सांगितलं. गॅलरीत उभं राहिलं की सगळं दिसतंच. मला वाटतं म्हणूनच बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांचा झुंजार किंवा काळा पहाड हा नायक बंद खोलीत रमला नाही. वेषांतर, पाठलाग, साहस यांत रमला. काही जण या कथांना हलकं समजतात, ते मला अजिबात पटत नाही. कितीतरी घरांत वाचनाची गोडी त्यांनी लावली. आमच्याकडे एक पुस्तक वाचनालयातून यायचं आणि परत जाईपर्यंत चार बिऱ्हाडं फिरायचं.

सुरुवात करायची असेल तर व्योमकेशच्या त्या मेसच्या कथेपासून करा. लगेच योकोमिझो घ्या.