आधी त्यांचा कान ओळख

तुझं पत्र मिळालं. परक्या देशात हिंदुस्थानी संगीत शिकवायला निघतो आहोत, तर पहिल्या तासाला काय शिकवू, असं विचारलंस. पहिल्या तासाला शिकवू नकोस, ऐक. प्रत्येकाला लहानपणापासून येणारं एखादं गाणं म्हणायला लाव. कुणाचा कान कशावर पोसलाय, ते लगेच कळेल.

पियानोवर वाढलेल्या मुलाचा शुद्ध गंधार, म्हणजे ग, तुला किंचित चढा वाटेल. त्याला बेसूर म्हणू नकोस, माझी कळकळीची विनंती आहे. पियानोच्या सप्तकाचे बारा सारखे भाग असतात. तिथं सा ते ग हे अंतर 400 सेंट; सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप, अख्ख्या सप्तकाचे 1200. तंबोऱ्याच्या खर्जातून, म्हणजे खालच्या सा च्या तारेतून, आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार साधारण 386 वर असतो. म्हणजे ते पोर त्याच्या तालमीप्रमाणे अचूकच गातंय! हे आकडे तुझ्यापाशीच ठेव. तारेखालचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, नीट लाव, खर्जाची एकच तार छेडत राहा आणि तिच्यात गंधार शोधायला सांग. आठवडे लागतील, लागू देत. एकदा सापडला की आवाज आपसूक उतरून तिथं बसतो.

फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये 'दो' हा त्यांचा पहिला स्वर म्हणजे कायम पांढरी एकच, हार्मोनियमची एक ठरलेली पट्टी. तिथल्या मुलांना आपला कुठल्याही पट्टीवर सरकता सा गोंधळात टाकतो. एकच पलटा, म्हणजे स्वरांचा सरावाचा नमुना, एकाच दिवशी काळी एक आणि पांढरी चारमध्ये गाऊन घे. सोळा मात्रांच्या त्रितालात मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) नवव्या मात्रेवरून उचलून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येणं हेही हातावर टाळी-खाली देतच पटतं, फळ्यावर नाही.

ते नोटेशन मागतील. दे, पण बंदिश गळ्यात उतरल्यावर. अली अकबर खाँसाहेबांनी 1967 मध्ये कॅलिफोर्नियात संगीताचं कॉलेज काढलं. स्वतः सरोदिये असूनही ते तिथं गाण्याचे वर्ग घेत. मला ते फार मोलाचं वाटतं.

मुलं तुला नावानं हाक मारतील, पाया पडणार नाहीत. आदर रियाजात शोध. आणि तूही तिथल्या एखाद्या गायनवृंदात जा. चार वेगळ्या सुरावटी एकाच वेळी ऐकणं आपल्याला सहज जमत नाही, ते त्यांच्याकडून शिक.

शाळा वार्षिक समारंभाला दहा मिनिटांचा रंगीबेरंगी कार्यक्रम मागेल. जरूर कर, पण त्याआधी वेळापत्रकात आठवड्याचे दोन तास पक्के करून घे. आणि करारावर सही करण्यापूर्वी खरा तंबोरा घेऊन देणार का, ते विचार.