पळतो ना, मग पायांचा व्यायाम वेगळा कशाला?

प्रश्न : सप्रेम नमस्कार मॅडम. वय ३६, वजन ७२ किलो, नोकरी आयटीत. मंगळवारी ट्रॅकवर वेगाचं पळतो, गुरुवारी टेकडी, शनिवारी हलकं आणि रविवारी १६ ते १८ किलोमीटर. सोमवार, बुधवार, शुक्रवार जिम : छाती, पाठ, खांदे, दंड. पाय करत नाही, कारण पळण्यात पायांना भरपूर व्यायाम होतो असं मला वाटतं. जिममधला ट्रेनर ‘लेग डे’ म्हणून मागे लागला होता. एकदा त्याचं ऐकलं, तर तीन दिवस जिना उतरता येईना आणि रविवारचं पळणं बुडालं. मांड्या जाड होऊन वेग कमी होईल ही भीतीही आहेच. माझे आजोबा पैलवान होते. वाटल्यास त्यांच्यासारख्या रोज शंभर बैठका मारीन, पण वजन घेऊन पाय करणं खरंच गरजेचं आहे का? सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायची आहे.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : हो, गरजेचं आहे. तुम्ही पत्रात सातारा लिहिलंत म्हणून जरा जास्तच ठामपणे सांगते, कारण मी इथलीच आणि ही शर्यत ज्यावरून जाते तो यवतेश्वरचा घाट माझ्या रोजच्या डोळ्यांसमोरचा. त्या घाटाला सगळे चढासाठी घाबरतात. चढात दम लागतो, पण तो चालत गेलं तरी निभावतो. तोच घाट परत उतरून शहरात यायचं असतं, हे लोकांच्या लक्षात उतरतानाच येतं. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. स्नायूला सर्वांत जास्त मार बसतो तो याच कामात. शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये पुण्यामुंबईची चांगली तयारीची मंडळी पाय वाकडे टाकत येताना दिसतात. छाती-खांदे झकास असतात हो त्यांचे.

आता तुमचा मुख्य मुद्दा. पळताना पायावर भार येत नाही असं कोण म्हणेल? एका पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत दीडशे-दोनशे किलो, तोही एका पायावर. पण तो टिकतो सेकंदाच्या पाव भागाएवढा, आणि गुडघाही थोडासाच वाकतो. स्नायूला त्याची पुरी ताकद लावायची वेळ पळण्यात येतच नाही. तेच छोटं काम मिनिटाला १६०-१७० वेळा होतं, त्यातून दमसास वाढतो. ताकद वाढायला जड वजन लागतं, मोजक्या वेळा उचललेलं. ताकद वाढली की प्रत्येक पावलाला तिचा कमी हिस्सा खर्च होतो. सरावलेल्या धावपटूंवरच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय : काही आठवडे जड वजनं केल्यावर त्याच वेगाला ऑक्सिजन थोडा कमी लागतो, आणि अंगाचं वजन जवळपास तेवढंच राहतं.

त्यामुळे जाड मांड्यांची भीती सोडा. आठवड्यातून चार दिवस पळणाऱ्याच्या मांड्या जाड करायच्या म्हटल्या तरी सहज होत नाहीत. १९८० साली अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवडे काही जणांना वजनं आणि दमसासाचा व्यायाम दोन्ही भरपूर करायला लावले. शेवटी शेवटी त्यांच्या पायांची ताकद वाढायची थांबली आणि उतरू लागली. दमसास मात्र जसा वाढायचा तसा वाढला. म्हणजे घाबरायचं कुणी? वजनवाल्यांनी. तुम्ही नाही.

बैठकांचं म्हणाल तर आजोबांना नमस्कार. पण ते बैठकांनंतर आखाड्यात उतरून शंभर किलोचा गडी उचलत होते, हे विसरू नका. नुसत्या शंभर बैठका म्हणजे पुन्हा हलकं काम पुष्कळ वेळा. ते तुम्ही पळताना करताच आहात.

तीन दिवस जिना उतरता आला नाही, ही चूक ट्रेनरची. पहिल्याच दिवशी पाच-सहा मशीन फिरवली असणार. पण त्या दुखण्यानंतर स्नायू सावध होतो. तेच काम आठवड्याभराने केलं तर फार कमी दुखतं, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. तुम्ही फी भरलीत आणि वर्गाला गेलाच नाहीत.

आता वार बदला. पाय मंगळवारी आणि गुरुवारी करा, सकाळी पळणं झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी. दमायचं ते त्याच दोन दिवसांत दमा, बाकीचे दिवस खरोखर हलके ठेवा. गुरुवार संध्याकाळ ते रविवार सकाळ एवढा वेळ पायांना पुरतो. शुक्रवारची जिम बंद. दंडांना सोमवार-बुधवार पुष्कळ झाले.

पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रकाराचे दोनच सेट, आणि वजन असं की लाज वाटावी. मग हळूहळू वाढवत स्क्वॉट (म्हणजे वजन घेऊन बैठक) पाच-पाचचे तीन सेट, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे जेमतेम वाकवून, कमरेतून पुढे झुकत हातातलं वजन खाली नेऊन वर आणणं) सहा-सहाचे तीन. सेट संपताना अजून दोन झाले असते असं वाटलं पाहिजे. मोडेपर्यंत करायचं नाही. गुरुवारी स्क्वॉटऐवजी हातात डंबेल घेऊन पायरीवरून एका पायाने खाली उतरा, तीन आकडे मोजत, सावकाश. घाट उतरायची खरी तयारी हीच, आणि जिममध्ये हे करताना मला कुणी दिसत नाही.

पोटऱ्या टाळू नका. पळताना सर्वांत जास्त राबतो तो पोटरीचा आतला स्नायू, आणि त्याला काम द्यायचं तर गुडघा वाकलेला हवा. म्हणून बसून, मांडीवर वजन ठेवून टाचा उचलायच्या. उभ्यानेही करा, पायरीच्या कडेवर, टाच पायरीखाली जाऊ देऊन. आज रात्री भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाच उचलून बघा. मी पोरांकडून न थांबता वीस तरी मागते. दोन्ही पायांत चार-पाचचा फरक निघाला तर कमी भरणाऱ्या पायापासून सुरुवात करा.

शर्यतीआधीच्या दहा दिवसांत जड पाय बंद. आणि त्याच्या महिनाभर आधी एखाद्या रविवारी सिंहगडाच्या गाडीरस्त्याने उतार पळून बघा, उजाडताच, गाड्यांची गर्दी व्हायच्या आत.

प्रश्न : वय ५८. रोज चालते, मधेमधे सावकाश पळते. डॉक्टरांनी एक्स-रे बघून गुडघ्यांची थोडी झीज सांगितली, पण व्यायाम चालू ठेवा म्हणाले. मैत्रिणी म्हणतात, बैठका अजिबात नकोत.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मैत्रिणींपेक्षा डॉक्टरांचं ऐका. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं ही बैठकच आहे, ती करा, दहादहाचे दोन सेट. खुर्ची बुटकी वाटली तर वर उशी ठेवा. करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला असेल तर कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : स्क्वॉट पळायच्या बुटांत केले तर चालतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. तळ मऊ असतो, वजन घेतल्यावर टाच डुगडुगते. सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट घाला. जिमवाले चालू देत असतील तर अनवाणी.