स्वस्तात राहा, पण जिना किती मजल्यांचा ते आधी विचारा

युरोपातल्या स्वस्त गेस्टहाऊसमधल्या मुक्कामाबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आलीत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, ह्या वेळी फक्त हाच विषय.

प्रश्न : ताई, मी अंबाजोगाईचा, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेला मास्तर. सप्टेंबरात मी आणि मंडळी दोघंच व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट अशी नऊ दिवसांची ट्रिप ठरवायलोय. जावई म्हणायलेत हॉटेलच घ्या, पण त्याचे आकडे बघून धडकी भरते आणि गेस्टहाऊस जवळजवळ निम्म्यात मिळायलंय. मंडळींचे गुडघे दुखतात. गेस्टहाऊस म्हणजे तुळजापूरच्या भक्तनिवासासारखं असतं का? राहावं का नाही?

उत्तर : गुरुजी, राहा, अगदी खुशाल राहा. भक्तनिवासाची तुमची उपमा बरीचशी बरोबर आहे, म्हणजे खोली स्वच्छ, चादर स्वच्छ, पण "भाऊ जरा पाणी आणा" म्हणायला कुणी नाही. पैसे तिथंच वाचतात. रात्री काउंटरवर माणूस नाही, लिफ्ट असेलच असं नाही, बाथरूम कधी खोलीत तर कधी पॅसेजमध्ये दोन-तीन खोल्यांना मिळून एक, टॉवेलचे कधी वेगळे पैसे. हे सगळं बुकिंगच्या पानावर लिहिलेलं असतं, फक्त खाली बारीक अक्षरात असतं आणि आपण वरचे फोटो बघूनच पैसे भरतो.

तुमच्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न जिन्याचा आहे. व्हिएन्नात बरीचशी स्वस्त पेन्शन (तिकडं गेस्टहाऊसला पेन्शन म्हणतात) जुन्या, शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारतींमध्ये असतात. आणि त्या इमारतींत मजले मोजायची पद्धत अशी आहे की काही ठिकाणी तळमजल्यानंतर एक "उंच तळमजला" येतो, मग "मेझानिन" नावाचा अजून एक येतो, आणि त्याच्यानंतर कुठं पहिला मजला सुरू होतो. म्हणजे कागदावर दुसरा मजला असला तरी तुमचे पाय चौथ्या मजल्याचे जिने चढतात, त्यात छत उंच, त्यामुळं पायऱ्याही जास्त. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हा "दुसराच मजला तर आहे" म्हणून खोली घेतली. सासूबाईंनी प्रत्येक वळणावर कठड्याला धरून श्वास घेतला, एकदा तर पायरीवरच टेकल्या, आणि वर पोचल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते "आता मी खाली येत नाही" हे. त्या दिवशी खरंच आल्या नाहीत, आणि मला आजही वाटतं की एक ईमेल टाकून विचारलं असतं तर त्यांची ती अख्खी संध्याकाळ खोलीत गेली नसती. म्हणून सांगते, तुम्ही "कितवा मजला" विचारू नका, "रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती आणि लिफ्ट आहे का, असली तर ती थेट मजल्यावर थांबते का" असं विचारा. काही जुन्या लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबतात आणि राहिलेला अर्धा जिना चढावाच लागतो.

व्हिएन्नाचा पत्ताही एकदा समजून घ्या. घर नंबर, मग तिरपी रेघ, मग जिन्याचा नंबर, मग दाराचा नंबर, असा १२/३/१५ सारखा लिहिलेला असतो. एकाच आवारात तीन-चार जिने असतात, चुकीचा चढलात की उतरून परत दुसरा चढायचा.

दुसरी काळजी किल्लीची. बुडापेस्टला आम्ही रात्री पावणेअकराला पोचलो, तिथलं काउंटर आठलाच बंद झालेलं. किल्ली दाराबाहेरच्या एका छोट्या लोखंडी डबीत, आणि डबीला चार आकड्यांची चाकं. पण गेटजवळ तशा सहा डब्या एका रांगेत लटकवलेल्या, कोणती आपली ते कळंना. कोड ईमेलवर आलेला आणि फोनला नेट नाही. बोटं गारठलेली, चाकं इतकी बारीक की चष्मा कपाळावर सरकवून टॉर्चच्या उजेडात बघावी लागायची. शेवटी कुत्र्याला फिरवून परत येणाऱ्या त्याच बिल्डिंगमधल्या एका बाईंनी त्यांच्या फोनचं नेट दिलं तेव्हा मेल उघडला, आणि त्यात डबीचा फोटो होता, रंगसुद्धा लिहिलेला होता. चूक आमचीच, मेल आधी वाचला नव्हता. तुम्ही निघायच्या आधी त्या मेलचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नाहीतर सरळ कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि होईल तितकं दिवसाउजेडी पोचा. व्हिएन्नाहून बुडापेस्ट रेल्वेनं पावणेतीन तासांच्या आत येतं आणि प्राग ते व्हिएन्ना साधारण चार तास, त्यामुळं सकाळची गाडी घेतली की दुपारी चेक-इनच्या वेळेला बरोबर पोचता. खोली बहुतेक ठिकाणी दोन-तीनच्या आधी मिळत नाही, पण बॅगा ठेवून घेतात का ते विचारा.

बुडापेस्टमध्ये सातव्या जिल्ह्यात काझिन्सी रस्त्याच्या आसपास खोल्या स्वस्त दिसतील, त्या घेऊ नका. तिथं पडक्या इमारतींमध्ये बार चालतात आणि मध्यरात्रीनंतरसुद्धा रस्त्यावर गर्दी असते. तुम्हाला झोप लागणार नाही. दोन-तीन मेट्रो स्टेशन लांब राहा. बाकी बुडापेस्टच्या जुन्या इमारती मंडळींना आवडतील बघा, मधोमध चौक आणि चारी बाजूंनी प्रत्येक मजल्यावर कठड्याची गॅलरी, त्या गॅलरीतूनच घराघरात शिरायचं, अगदी आपल्या जुन्या वाड्यासारखं. सासूबाई तिथं सकाळी खुर्ची टाकून बसायच्या आणि समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या आजींशी हातवारे करून बोलायच्या.

प्रश्न : आम्ही नांदेडहून चौघं जायलोत, मे महिन्यात. मुलं बाहेरचं रोज खाणार नाहीत. गेस्टहाऊसमध्ये स्वैपाकघर आहे असं लिहिलंय. काय काय न्यावं आणि तिथं आपला स्वैपाक करता येतो का?

उत्तर : येतो, पण फोडणीला जपा ताई. हे मी मनापासून सांगायलेय. तिथल्या स्वैपाकघरात छताला धूर ओळखणारं यंत्र असतं आणि खिडकी लावलेली असते. आपल्या सवयीनं तेल चांगलं तापवून मोहरी, जिरं, हिंग, मिरची टाकली की त्या यंत्राला ती आग वाटते आणि सगळ्या मजल्याचा अलार्म वाजतो. आमच्याशेजारच्या खोलीतली दोन पोरं केस ओले, टॉवेल गुंडाळून जिन्यात उभी होती ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं, आणि तिथला मॅनेजर रागावला नाही पण चेहरा पडलेला. वरण करायचं तर कच्च्या तेलात जिरं टाकून मंद आचेवरच गरम करा, धूर निघायच्या आत डाळ ओता. एक्झॉस्टचं बटण आधी लावा. आणि यंत्रावर पिशवी बांधून टाकू असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका, लाकडी जिन्याच्या इमारतीत ते यंत्रच सगळ्यांचा जीव वाचवतं.

शेगडी बहुतेक काचेची सपाट असते, गॅस क्वचित. इंडक्शन असली तर ॲल्युमिनियमचं पातेलं तापत नाही, तिथली भांडी वापरा. कुकर न्यायची गरज नाही, मुगाची डाळ पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत शिजते.

न्यायचं म्हणाल तर धपाटे पहिल्या दोन-तीन दिवसांपुरते, कमी पाण्यात मळून नीट कोरडे भाजलेले. शेंगदाण्याची चटणी, तिखट, भाजक्या पोह्यांचा चिवडा, मुगाची डाळ, तांदूळ थोडा. आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) नक्की न्या, त्याच्यासारखं कामाचं दुसरं काही नाही, उकळत्या पाण्यात दोन चमचे कालवून सोडला, मीठ-तिखट घातलं की फोडणीशिवाय आमटी होते आणि भाताबरोबर मुलं गपगप खातात.

आता जे न्यायचं नाही ते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून प्रवाशाच्या सामानात मांस आणि दूध, दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काहीच नाही. ताजी फळं, भाज्या, पालासुद्धा कागदपत्रांशिवाय चालत नाही, सूट फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन ह्या पाचांना. मे महिना आहे म्हणून केसर आंब्याची पेटी नेऊ असं वाटेल, कढीपत्त्याची जुडी पिशवीत टाकाल, दोन्ही घरीच ठेवा, कस्टमला सापडलं तर फेकून देतात आणि वरून दंड होऊ शकतो. कढीपत्ता वाळवून मसाल्यातच कुटून घ्या.

दूध-दही-भाज्या तिथं सुपरमार्केटमध्ये छान मिळतात. फक्त व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्टेशनमधली तेवढी उघडी, तेव्हा शनिवारीच भरून ठेवा. पाण्याच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून पाइपानं आणलेलं, बाथरूमच्या नळाचं प्यायलात तरी चालतं. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला ते पहिल्यांदा पिताना गलबलून येतं, मला तरी आलं.

प्रश्न : जालन्याहून लिहितोय. एजंट म्हणतो व्हिसासाठी आधी सगळी बुकिंग दाखवावी लागते, पण व्हिसा नाही मिळाला तर पैसे बुडणार. काय करावं? आणि प्रागला गेलेला मित्र म्हणतो की गेस्टहाऊसनं शेवटी जास्तीचे पैसे मागितले.

उत्तर : दादा, राहण्याचा पुरावा लागतो हे खरं. पण "रद्द केलं तर पैसे परत" असं लिहिलेलीच खोली घ्या, दोन-तीन युरो महाग पडली तरी. "परत मिळणार नाहीत" वाली स्वस्त खोली व्हिसा हातात आल्यावरच. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, म्हणून जिथं सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर पहिलं जिथं उतरता त्या देशाकडं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण गर्दीच्या दिवसांत पंधरा दिवसांवर विसंबू नका. फी मोठ्या माणसाला ९० युरो, जून २०२४ पासून, अर्ज घेणाऱ्या सेंटरचे पैसे वेगळे. निदान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. बोटांचे ठसे द्यायला पहिल्या वेळी स्वतः जावं लागतं, मुंबईची अपॉइंटमेंट असली तर देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री बसा, सकाळी पोचता. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

आणि एक कळकळीनं सांगते, व्हिसा मिळाला की सगळी बुकिंग रद्द करून भलतीकडंच जायचं असलं काही करू नका. विमानतळावर कागद बघायला मागतात.

मित्राचं म्हणाल तर ते बहुतेक शहराचा कर असणार. प्रागमध्ये मोठ्या माणसामागं दर रात्री ५० कोरुना, म्हणजे दोघं तीन रात्री राहिलात तर ३००, आणि बऱ्याच ठिकाणी तो बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो, पोचल्यावर घेतात. फसवणूक नाही ती, पावती मागा. बुडापेस्टमध्येही असा कर आहे, खोलीच्या भाड्याच्या चार टक्के. प्रागचं चलन कोरुना आणि बुडापेस्टचं फोरिंट, तिथं युरो चालत नाही असंच धरून चला. एटीएमवर "तुमच्या चलनात बदलून घ्यायचं का" असं विचारलं की नाही म्हणा, तिथल्याच चलनात घ्या, मशीनचा भाव वाईट असतो.

प्रश्न : परभणीहून. पासपोर्ट मागतात तो द्यावा का? आणि बाथरूमचं काय, बादली-मग असतो का?

उत्तर : पासपोर्टची नोंद करणं त्यांना कायद्यानं भाग आहे, हंगेरीत तर मशीनवर स्कॅनही करतात, समोर उभं राहून करून घ्या आणि लगेच परत घ्या. ठेवून घेतो म्हणाले तर द्यायचा नाही.

बादली-मग नसतो. आणि शॉवरच्या बाहेर फरशीला पाणी जायला जाळीच नसते, म्हणून पडदा टबाच्या आतल्या बाजूला सोडून आंघोळ करा, नाहीतर खालच्या मजल्यावर गळतं. एक हलकी प्लास्टिकची बाटली नेली की बाकीचं भागतं. खिडकीचं एक सांगते, कारण पुष्कळ जण घाबरतात : दांडी आडवी केली की खिडकी दारासारखी उघडते आणि पूर्ण वर केली की वरून आत कलते, जणू अंगावर पडतेय. पडत नाही, ती तशीच बनवलेली असते, पावसातही हवा यावी म्हणून. एसी स्वस्त खोल्यांत बहुधा नसतोच, तेव्हा उन्हाळ्यात रात्री ती खिडकी अशीच कलती ठेवून झोपा.

अंबाजोगाईच्या गुरुजींना परत एक, तुम्ही कोणत्या शहरात किती वाजता उतरणार ते पत्रात लिहिलेलं नाही. वेळ कळवा, म्हणजे विमानतळावरून शहरात कसं यायचं आणि मंडळींना कमी चालावं लागेल असं कुठल्या भागात राहायचं ते पुढच्या अंकात सांगते.