ट्रायलोबाइट: खरा, जोडलेला की घडवलेला?

प्रश्न: मोरोक्कोतून आलेला, डोक्यावर त्रिशूळ असलेला ‘वॉलिसेरॉप्स’ हा ट्रायलोबाइट (कवचधारी, नामशेष झालेल्या सागरी संधिपाद प्राण्याचा जीवाश्म) विकत घ्यावा असे वाटते. तो अस्सल आहे हे कसे ओळखावे?

उत्तर: नमुन्यावर एकही तडा नसेल, तर मला आधी शंका येते. तिथले डेव्होनियन काळातले, म्हणजे सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचे, ट्रायलोबाइट कठीण चुनखडकात दडलेले असतात आणि दगड फोडल्यावर त्यांची कड उघडी पडते, तेव्हाच आत काही आहे हे कळते. म्हणून अस्सल नमुन्यात सांधलेला तडा खडकातून जीवाश्मात आणि तिथून पुन्हा खडकात गेलेला बहुधा दिसतो. तोच तडा जीवाश्माच्या कडेशी थबकला असेल, तर जीवाश्म नंतर बसवला गेला असण्याचा संभव आहे. भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसले, तर ते रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ, समजावे. डोळेही पाहावेत: या कुळात प्रत्येक भिंग सुटे दिसते, ओतीव नकलेत ते बुजलेले असते. तुटलेला काटा जागच्या जागी चिकटवणे ही दुरुस्ती झाली. हरवलेला काटा नव्याने घडवणे वेगळे, आणि विक्रेत्याने ते लेखी सांगितलेच पाहिजे.

प्रश्न: अमेरिकेतल्या युटा राज्याचा ‘एल्रेथिया’ हा ट्रायलोबाइट पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा असूनही इतका स्वस्त कसा?

उत्तर: किंमत वयावर ठरत नाही. तिथल्या व्हीलर शेल या पातळ थरांच्या खडकात तो विपुल सापडतो. दुर्मीळ असतात ते पाय आणि स्पर्शिका, कारण पाठीचे कवच कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडकातल्याच खनिजाचे, असल्याने टिकते, पाय मात्र कुजून जातात. शिवाय पुष्कळ जीवाश्म म्हणजे प्राण्याने टाकलेली कातच असते, आणि गालांचे सुटे भाग नसणे ही तिची एक खूण. न्यूयॉर्क राज्यातल्या रोमजवळ ‘ट्रायार्थ्रस’ या ट्रायलोबाइटचे पाय पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजात टिकले, तर मोरोक्कोच्या हाय अ‍ॅटलासमधील, 2024 साली वर्णन झालेले नमुने ज्वालामुखीच्या राखेत. असा नमुना कपाटात नव्हे, संग्रहालयात असावा, असे माझे मत आहे.

प्रश्न: सह्याद्रीत शोधल्यास मिळतील का?

उत्तर: नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि ट्रायलोबाइट सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले. भारतात ते स्पीती आणि काश्मीरमधल्या खडकांत आढळतात.

प्रश्न: रत्नागिरीत ठेवलेल्या माझ्या पायराइटच्या नमुन्यावर पिवळट भुकटी धरू लागली आहे. धुऊ का?

उत्तर: मुळीच धुऊ नका. दमट हवेत पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फेट आणि आम्ल तयार होते, आणि ते शेजारची कागदी चिठ्ठीही खाते. भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झाडून नमुना ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात, इतर नमुन्यांपासून वेगळा ठेवावा. चिठ्ठीवरील स्थळाची नोंद मात्र त्याआधी दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावी.