रिपोर्ट नॉर्मल, वही लाल

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, चौथीत, सेमी इंग्रजीला. आम्ही कराडजवळ राहतो. गेली दोन वर्षं एकच तक्रार, शाळेतून पण आणि घरात सासूबाईंची पण, की हा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तिसऱ्या हाकेला "हं?" म्हणतो. सकाळी मी सांगते बाटली भर, दप्तरात ठेव आणि जाताना बाबांना किल्ली दे, तर हा बाटली भरून ती हातात धरून ओट्यापाशी उभा, "पुढं काय म्हणालीस?" शुद्धलेखनाची वही तर लालेलाल, बाईंनी "कडी" सांगितलं तर ह्याने "गडी" लिहिलंय, "धार"चं "दार". आणि गंमत म्हणजे रात्री सगळं शांत झाल्यावर मी गोष्ट सांगते ती दुसऱ्या दिवशी त्याला जशीच्या तशी आठवते. ईएनटीला दाखवलं, कानाची टेस्ट केली, रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले काही नाही, लक्ष देत नाही इतकंच. मिस्टरांनी येताना गाडीतच झापला त्याला. आता नणंदेच्या मुलीने एपीडी म्हणून काहीतरी असतं असं सांगितलंय. हे खरंच असतं का, टेस्ट कुठे होते, आणि शाळेत काय बोलू? ते म्हणतात आधी सर्टिफिकेट आणा मग बघू.

उत्तर: ताई, आधी गाडीतल्या झापण्याचं. आज रात्री ते गोष्टीचं झालं की मिस्टरांनी त्याला एवढंच सांगायचं की तू मुद्दाम करत नाहीस हे आम्हाला कळलंय. बाकीचं सगळं त्यानंतर.

रिपोर्ट खोटा नाहीये हो, पण त्याने एकाच प्रश्नाचं उत्तर दिलंय. बंद बूथमध्ये हेडफोन लावून बसवतात, बारीक "पीं" आलं की बटण दाबायचं, तिथे ना पंखा ना पोरं ना पत्र्यावरचा पाऊस. किती हळू आवाज कानाला पोचतो एवढंच त्यात कळतं. पुढचं काम मेंदूचं असतं, म्हणजे गोंगाटातून बाईंचा आवाज वेगळा काढणं, आवाजातले बारीक फरक पकडणं, ऐकलेलं क्रमाने धरून ठेवणं. कडी, खडी, गडी, घडी एकदा मोठ्याने म्हणून बघा, क आणि ग मधला फरक सेकंदाच्या काही शतांश भागांचा असतो, आपण तो विचार न करता पकडतो. कान ठीक असून हे काम अडखळत असेल तर त्याला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर, एपीडी म्हणतात, बऱ्याच रिपोर्टांवर सीएपीडी लिहिलेलं असतं, गोष्ट तीच.

आता खरं सांगायचं तर यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. मानसोपचारवाले वापरतात त्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात हे निदानच नाहीये, आणि काहींचं म्हणणं की हा वेगळा प्रकार नसून भाषेच्या किंवा लक्षाच्या अडचणीचाच एक चेहरा आहे. बाहेरून एडीएचडी (लक्ष न टिकणं), भाषेचा विलंब, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनाची अडचण) आणि एपीडी ही चारही पोरं ओट्यापाशी बाटली धरून तशीच उभी दिसतात, आणि एकाच पोरात यातलं दोन-दोन असू शकतं. शांततेत ऐकलेली गोष्ट आठवते ही खूण मोलाची आहे, डॉक्टरांना नक्की सांगा, पण तेवढ्यावर नेटवरून शिक्का मारू नका.

मग क्रम कसा ठेवायचा? आधी घरातला रिपोर्ट काढून त्यावरची तारीख बघा. मे महिन्यात टेस्ट झाली असेल आणि पोराला पावसाळाभर सर्दी असेल तर पडद्यामागे चिकट पाणी साठून ऐकणं कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे ते पाणी शोधणारी इम्पीडन्स टेस्ट झालीये का बघा, नसेल तर ऑडिओमेट्रीसोबत, म्हणजे त्या "पीं"वाल्या टेस्टसोबत, ती करून घ्या, दुखत नाही, काही मिनिटांचं काम. लहानपणी कान वारंवार फुटायचा, ठणकायचा का तेही आठवून लिहून ठेवा. त्यानंतर बालमानसतज्ज्ञ किंवा डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियन, बुद्धी, लक्ष आणि वाचन-लेखन तपासायला, आणि स्पीच थेरपिस्टकडून भाषेची तपासणी, ती मराठीतच, कारण घरची भाषा मराठी असताना पोर इंग्रजी शब्दांवर अडखळलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. सीएपीडीच्या टेस्ट सगळ्यात शेवटी. आधी केल्या तर निकालाचा अर्थ लावता येत नाही. साधारण सात वर्षांच्या पुढेच त्या भरवशाच्या मानतात, तेव्हा तुमच्या पोराचं वय बरोबर बसतंय.

त्या टेस्ट म्हणजे काय, तर दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे सोडतात आणि सगळे म्हणायला सांगतात, मागे गोंगाट लावून शब्द ऐकवतात, सलग खरखरीतला एक निमिषभराचा खंड ओळखायचा, उंच-खालच्या सुरांचा क्रम सांगायचा. दीड-दोन तास सहज जातात आणि पोर दमतं, म्हणून सकाळची वेळ घ्या, पोटभर नाश्ता देऊन न्या, आणि दमलं तर दोन बैठकांत करा असं आधीच सांगून ठेवा. दमलेल्या पोराचा निकाल वाईटच येणार. प्रत्येक ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, हे होत नाही, फोनवरच विचारा की सीएपीडीच्या टेस्टचा पूर्ण संच (बॅटरी) करता का आणि मराठी शब्द आहेत का, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का तेही. मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला ऐश ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था, पण तुम्हाला पुणं जवळ, तिथे भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं कॉलेज आहे, आधी तिथे फोन लावून बघा. रस्त्यात कुठे मशीनच्या दुकानात "एकदा लावून तर बघा" म्हणून श्रवणयंत्र गळ्यात मारलं तर घेऊ नका. आणि कॉम्प्युटरवरच्या ट्रेनिंगची महागडी पॅकेजेस गॅरंटी देऊन विकतात त्यांच्यापासूनही जरा लांबच, खेळातले मार्क वाढतात, वर्गातलं ऐकणं त्याने सुधारेलच असं नाही.

आता शाळा. सर्टिफिकेट आणा मग बघू याला माझं उत्तर असं की जे मागायचंय त्यातल्या बऱ्याच गोष्टींना सर्टिफिकेट लागतच नाही, बाक बदलायला कुठला कागद लागतो? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनी उतरतो, म्हणजे बाईंपासून एक मीटरवरचं पोर आणि चार मीटरवरचं पोर यांच्यात १२ डेसिबलचा फरक, वर्गात भिंतींमुळे तो थोडा कमी होतो पण भिंतींवरून परत आलेला आवाज शब्द गढूळ करतो ते वेगळंच. अमेरिकेतल्या ऑडिओलॉजिस्ट लोकांची संघटना सांगते की शिक्षकाचा आवाज वर्गातल्या गोंगाटापेक्षा १५ डेसिबलनी वर असावा. आपल्याकडे पन्नास पोरं, कुरकुरणारा पंखा आणि शेजारच्या वर्गातले पाढे. असो.

वर्गशिक्षिकांना भेटायला जाताना भांडायच्या तयारीने जाऊ नका, एक पान लिहून न्या, साधारण असं: "मा. बाई, चि. (मुलाचं नाव) ची तपासणी सुरू आहे. तोवर तीन गोष्टी जमतील का? त्याला दुसऱ्या बाकावर, खिडकी आणि पंख्यापासून लांब बसवावं. सूचना देताना आधी नाव घ्यावं आणि एका वेळी एकच सांगावं. गृहपाठ फळ्यावर लिहावा." तीनच. दहा मागितल्या तर एकही होत नाही हे मी शाळांमध्ये पुष्कळ बघितलंय. महिन्याभराने पुढच्या दोन मागा: फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आणि शुद्धलेखनाचे शब्द आदल्या दिवशी घरी द्यावेत. एक युक्ती बाईंना आणि तुम्हालाही, "समजलं का?" विचारायचं नाही, पोर हो म्हणून मोकळं होतं, "मी काय सांगितलं, सांग बरं" असं विचारायचं.

टेस्टमध्ये पक्कं निघालं तर शिक्षकांच्या गळ्यात छोटा माईक आणि पोराच्या कानात रिसीव्हर अशी एफएम किंवा रिमोट माईक सिस्टीम असते, अंतर आणि गोंगाट दोन्हींवर तो सरळ उपाय आहे. महाग आहे, आणि माईक रोज चार्ज करून बाईंच्या हातात कोण देणार हे आधी ठरवा, नाहीतर पंधरा दिवसांत कपाटात जातो. घरी मिक्सर, टीव्ही चालू असताना सूचना नको, जवळ जाऊन खांद्याला हात लावून बोला. आणि शाळेतून आल्या आल्या ट्यूशनला पाठवू नका. दिवसभर कान टवकारून बसलेलं पोर साडेपाचला चिडचिड करतं ते माज म्हणून नाही.

प्रश्न: मुलगी आठवीत आहे, ठाण्यात. प्रायव्हेट ऑडिओलॉजिस्टचा एपीडीचा रिपोर्ट आहे, ऑडिओग्राम (कानाच्या टेस्टचा आलेख) नॉर्मल आहे. शाळा म्हणते यावर दहावीच्या सवलती मिळणार नाहीत. मग हा रिपोर्ट काय कामाचा?

उत्तर: शाळा अर्धं बरोबर बोलतेय. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात एपीडी नावाने नाही. श्रवणदोषाचं मोजमाप डेसिबलवर आहे, दोन्ही कानांत निदान ६० डेसिबलचा दोष लागतो, आणि तुमच्या मुलीचा ऑडिओग्राम नॉर्मल, म्हणजे ते दार बंद. पण त्याच कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेची जी व्याख्या आहे ती बोललेली किंवा लिहिलेली भाषा प्रोसेस करण्यातल्या कमतरतेपासूनच सुरू होते. तेव्हा तिला वाचायला, लिहायला, गणिताला पण अडचण आहे का हे तपासून घ्या. असेल तर एलडीच्या, म्हणजे या अध्ययन अक्षमतेच्या, सर्टिफिकेटसाठी सरकारमान्य हॉस्पिटलच लागतं, मुंबईत सायन आणि नायरला ते काम चालतं, तिथे रांगा असतात, म्हणून दहावीची वाट न बघता आत्ताच नंबर लावा. ते मिळालं तर जादा वेळ, लेखनिक वगैरे बोर्डाच्या सवलतींचा रस्ता उघडतो. नाही मिळालं तरी रिपोर्ट वर्गातल्या सोयींसाठी कामाचा आहेच, आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य उपाय करणं ही शाळेची जबाबदारी आहे असं त्या कायद्याच्या कलम १६ मध्ये लिहिलेलं आहे, मुख्याध्यापकांना अर्ज देताना कलमाचा आकडा घाला आणि पोच घ्या. तोंडी बोलणं विसरलं जातं.

प्रश्न: मी झेडपी शाळेत शिक्षिका आहे. एका खोलीत दुसरी आणि तिसरी एकत्र बसते. एका मुलाबद्दल मला असाच संशय येतो, तो मित्राच्या वहीत बघून लिहितो, पण आई-वडील ऊसतोडीला जातात, पुण्या-मुंबईला कोण नेणार?

उत्तर: बाई, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं ना तपासणीला, त्या दिवशी या पोराचं नाव तुम्ही स्वतः पुढे करा, नाहीतर वजन-उंचीत दिवस संपतो. कानाची तपासणी जिल्हा रुग्णालयात तरी होऊ दे, आधी साधा मळ किंवा वाहणारा कान नाही ना हे कळायला हवं, ऊसतोडीच्या पोरांमध्ये तो मी खूप बघितलाय. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनाही कळवा. आणि तुमच्या खोलीत दुसरी मोठ्याने वाचत असेल तेव्हा तिसरीला लेखन द्या, त्या पोराला तुमच्या टेबलापाशी ओढा. तुम्ही लिहिलंय की तो मित्राच्या वहीत बघून लिहितो. बघू द्या त्याला, सध्या त्याचे कान तेच आहेत.